आधी कोणाचे विणायचे?

"मावशी, इथं पंखा बंद होत नाही अन् तुम्ही लोकर विणून राहिल्या?"

बल्लारपुरात राहून हातात विणकामाच्या सुया धरणाऱ्या बाईला हा प्रश्न वर्षातून पाच-पंचवीस वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. आमचे गाव कागदाचे आणि कोळशाचे. वर्धा नदीच्या काठी गोंड राजांच्या किल्ल्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण परगावच्या लोकांना हे गाव ठाऊक असते ते दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्यांचे 'बल्हारशाह' जंक्शन म्हणून, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या पाऱ्यामुळे. चंद्रपूर जिल्ह्यात तो पारा ४५-४६ अंशांवर सहज चढतो. होळीच्या सुमारास खिडकीत बसलेला कूलर मृगाचा पाऊस चांगला पडल्याशिवाय उतरत नाही. अशा गावी लोकरीचे गुंडे घेऊन बसणारी बाई म्हणजे भर पावसात अंगणात सडा घालणारीच, असे कोणाला वाटले तर नवल नाही.

पण वाचकहो, आमच्याकडे थंडीही पडते. दिवाळीची पणती विझली की नदीवरून येणारा वारा बदलतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. दिवसा ऊन असते म्हणून ही थंडी कोणी मनावर घेत नाही, एवढेच. आणि थंडी मनावर न घेतल्याने काय होते, हे मला गेल्या वर्षात दोनदा शिकावे लागले. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

विणकामाची वही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी मंडळी आपल्या वह्यांची पूजा करतात. माझा व्यापार काही नाही. पण माझी एक वही आहे. गेली तीस वर्षे मी दर दिवाळीला ती काढते. एका पानावर सरत्या वर्षात कोणाला काय विणून दिले ते लिहिलेले असते आणि समोरच्या पानावर येत्या वर्षाची यादी करायची असते. नाव, माप, लोकरीचा रंग, सुईचा नंबर आणि शेवटी 'दिले' अशी खूण. आमच्या घरी हे गृहस्थ कागद कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर नोकरीचा जन्म काढून निवृत्त झालेले. ते चष्म्यावरून वहीकडे पाहतात आणि म्हणतात, "ताळेबंद जुळला का?"

आजवर तो जुळत असे. यंदा जुळला नाही.

गेल्या दिवाळीला मी बारा नावांची यादी केली होती. पहिले नाव जावयांचे. जावयाचा मान पहिला, तेव्हा त्यात विचार करण्यासारखे काही नव्हतेच. त्यामागून मुलगा, सून, मुंबईचा पुतण्या, दोन्ही भाऊ, मग ज्यांनी ज्यांनी "मलाही एक हवं" म्हणून आग्रह धरला होता ते. नवव्या नंबरावर आमच्या वन्सं होत्या. अकराव्यावर भाचीचे व्हायचे असलेले बाळ. ही यादी मी कशी केली, असे मला कोणी विचारले असते, तर मी सांगितले असते, "मानाप्रमाणे आणि मागणीप्रमाणे." आपण बायका लग्नाच्या आहेराची यादी करतो तीही अशीच. त्यात मला काही वावगे दिसले नाही.

जमेची बाजू आधी सांगते. जावयांचा स्वेटर मार्गशीर्षात पूर्ण झाला. पुऱ्या बाह्यांचा स्वेटर म्हणजे थोडेथोडके काम नव्हे. मी एकदा हिशेब करून पाहिला होता. इंचाला सहा टाके आणि आठ ओळी धरल्या, तर मोठ्या माणसाच्या स्वेटरात पन्नास-साठ हजार टाके पडतात. मिनिटाला पंचवीस टाके पडले तरी निव्वळ हाताचे काम चाळीस तासांचे. त्यात आमटीला फोडणी घालायला उठणे धरलेले नाही. स्वेटर सुंदर झाला. जावयांनी लगेच घातला, फोटो पाठवला. पुढे महिन्याभराने तो त्यांच्या घरच्या धुलाईच्या यंत्रात गरम पाण्यात गेला आणि बाहेर आला तो माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या मापाचा होऊन! खऱ्या लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. हे मला ठाऊक होते. पण स्वेटरसोबत दोन ओळींची चिठ्ठी घालण्याचे मला सुचले नाही. तेव्हा यात जावयांचा दोष नाही. नातू मात्र खूश आहे.

मुंबईच्या पुतण्याला मफलर पाठवला. त्याचे उत्तर आले, "काकू, फारच छान. इथं थंडी फक्त ऑफिसातल्या एसीत वाजते, तिथंच खुर्चीला लावून ठेवलाय." सुनेला लोकरीने मानेला खाज सुटते, हे तिने भिडेपोटी कधी सांगितले नव्हते. तिचा स्वेटर कपाटात घडी घालून आहे. भावांचे अर्धे स्वेटर भाऊबीजेच्या ओवाळणीची परतफेड म्हणून गेले. ते दोघे ते रोज घालतात, आणि त्या दोघांनी तेवढे केले नसते तर मी सुया गुंडाळूनच ठेवल्या असत्या.

असे हसतखेळत चालले होते. पौष महिना उजाडला आणि एका रात्री फोन आला.

मोसंब्याएवढे डोके

माझी भाची गडचिरोलीला असते; तिचे यजमान शिक्षक आहेत. तिचे दिवस फाल्गुनात भरायचे होते. बाळ आले पौषात, सात आठवडे आधी. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. फोनवर माझी बहीण नीट बोलूही शकत नव्हती. ती स्वतः पुण्याहून निघालेली, वाटेत. "तू जवळ आहेस, तू आधी जा," एवढेच म्हणाली.

आमच्यात अशी रीत आहे की बाळ जन्माला येण्याआधी त्याचे काही शिवू-विणू नये. पुष्कळ घरांत ही रीत आहे. मी ती अर्धीच पाळली होती. म्हणजे बाळंतविड्यातले एक टोपडे आणि पायमोज्यांचा एक जोड गुपचूप विणून ठेवला होता, तोही "वाढत्या अंगाचा असू दे" म्हणून तीन महिन्यांच्या बाळाच्या मापाचा. आपण सगळ्याच जणी असे करतो. लहान मुलाचा कपडा मोठाच करायचा. उद्या होईलच, वाया जायला नको!

पहाटेची एस.टी. धरली. चंद्रपूर, मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. दोन्ही बाजूंना धुक्यातले जंगल, खिडकीची काच लागत नव्हती, आणि माझ्या पिशवीत ते टोपडे. रुग्णालयात पोचले तेव्हा बाळ लहान बाळांच्या विशेष कक्षात होते. आतून आलेल्या सिस्टरच्या हातात मी मोठ्या अभिमानाने टोपडे दिले. ती दोन मिनिटांनी परत आली.

"आजी, छान आहे हो. पण हे त्याच्या नाकापर्यंत येतंय. सैल टोपी गळून पडते अन् डोकं उघडं राहतं. लहान नाही का?"

मी विचारले, "किती लहान?"

तिने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मोठ्या मोसंब्याएवढे डोके. एकोणतीस सेंटिमीटरचा घेर. पुऱ्या दिवसांच्या बाळाचा घेर चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असतो, आणि माझे टोपडे तर त्याहूनही मोठे. मी तीस वर्षे विणते आहे. पण एवढ्या लहान माणसासाठी मी कधी टाके घातले नव्हते.

त्या दिवसापुरती रुग्णालयातली सुती टोपी होतीच. बाळाचे काही अडले नाही. पण मी बाजारातून मऊ, धुता येईल असा धागा आणि दहा नंबरच्या सुया आणल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. चौसष्ट टाके, दोन सुलट दोन उलट, म्हणजे वीण ताणली जाते आणि डोक्याला धरून राहते. गोंडा नाही, बटण नाही, गळ्याशी बांधायची दोरी नाही. सिस्टरने तशी ताकीदच दिली होती. चाळीसएक ओळींत टोपी झाली. स्वेटराला चाळीस तास लागतात, या टोपीला दोन तासही लागले नाहीत. संध्याकाळपर्यंत दोन टोप्या आणि अंगठ्याएवढ्या पायांचे मोजे झाले. धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी आत गेले.

तेथे बसल्या बसल्या मी त्या सिस्टरला विचारले, "एवढ्याशा टोपीनं असं काय मोठं होतं?" तिने जे सांगितले ते मी प्रत्येक घरातल्या आजीला सांगावे असे आहे.

नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे उघड्या डोक्यावाटे पुष्कळ ऊब निघून जाते. जन्मतः ते ओले असते. दिवसांआधी आलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळ आपल्यासारखे कुडकुडत नाही. थंडी वाजली तर मोठे माणूस सांगते, निदान हातपाय आखडते. बाळ मात्र गप्प होते, दूध ओढेनासे होते आणि आपल्याला वाटते, शहाणे आहे, झोपले आहे. बाळाच्या अंगाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावे. त्याखाली गेले की ते गारठले असे समजायचे. घरी ओळखायची सोपी खूण अशी: पोट आणि पाय दोन्ही उबदार लागले तर ठीक, पोट उबदार पण पाय गार, तर थंडी लागू लागली, दोन्ही गार, तर लगेच दवाखाना.

उपायांतला मोठा उपाय टोपी नव्हे, आईची छाती. बाळाला टोपी-मोजे घालून, बाकी उघडे, आईच्या उघड्या छातीशी उभे धरून वर पांघरूण घ्यायचे. याला 'कांगारू' पद्धत म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या रुग्णालयात, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली ती सुरू केली आणि आज जगभर ती वापरतात. आमच्या भाचीने दिवसदिवस बाळाला असे धरले, रात्री तिचे यजमान धरत. शिक्षक माणूस शर्टाची बटणे काढून, छातीशी मुलगा धरून, पाढे म्हणत बसलेला मी डोळ्यांनी पाहिला.

गडचिरोलीने शिकवलेले

आणि हा धडा गडचिरोलीत मिळावा, याला अर्थ आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जंगलचा जिल्हा आपण शहरातली माणसे मागासलेला म्हणून ओळखतो. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ सालापासून येथे 'सर्च' संस्थेचे काम मांडले आणि गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब राखणे, दूध पाजायला मदत करणे, श्वास कोंडला तर काय करायचे, जंतुदोषाची खूण ओळखून औषध कसे द्यायचे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांत हे काम चालले. ते सुरू होण्याआधी तेथे जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ साली तो आकडा २५.५ वर आला. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली हा वृत्तांत छापला. पुढे २०११ साली देशभरच्या आशाताईंच्या कामात नवजात बाळाच्या घरभेटी आल्या, त्यामागे या गावांचा अनुभव होता. बाळ जन्मल्यापासून बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते ती म्हणूनच. तिला चहा पाजून वाटेला लावू नका. ती बाळाच्या पायाला हात लावते तेव्हा काय पाहते, हे तिला विचारा.

टोपीने एवढी बाळे वाचली, असे मी म्हणत नाही. त्या कामात जंतुदोषावरचे औषध होते, दूध होते, शिकवलेली माणसे होती. पण ऊब त्यात होती, आणि ऊब ही गोष्ट माझ्या हातातली आहे, हे मला त्या बाकावर बसून कळले. बाळाला मी अकराव्या नंबरावर ठेवले होते, कारण बाळ काही मागायला आले नव्हते.

बाळ तीन आठवड्यांनी घरी आले. आज दहाव्या महिन्यात आहे. रांगत जाऊन माझा लोकरीचा गुंडा पळवतो. पहिले मोठे टोपडे आता कुठे त्याला बसू लागले होते, तर ते त्याला नको असते. डोक्यावर ठेवले की काढून फेकतो.

नववे नाव

दुसरी गोष्ट अशी हसत सांगता येत नाही.

आमच्या वन्सं वर्ध्याला राहत. वय ब्याऐंशी. गेल्या भाऊबीजेला ओवाळायला आल्या होत्या, तेव्हा माझी वही पाहून म्हणाल्या, "मला एक बिनबाह्यांचं जाकीट विण गं. रंग डाळिंबी. आणि पुढं बटणं मोठाली लाव, आता बोटं वळत नाहीत." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी त्याच आठवड्यात चंद्रपूरच्या बाजारातून डाळिंबी लोकर आणली, आठ गुंडे, सगळे एकाच रंगाच्या लॉटचे, लेबलावरचा नंबर पाहून. मोठी बटणेही आणली. वहीत नाव लिहिले, नववे.

थंडीचे दिवस जावई, पुतण्या, सून यांच्यात गेले. पौष गडचिरोलीत गेला. माघात एका भाच्याचा टोपीवाला स्वेटर हाती घेतला, कारण त्याचे दर दोन दिवसांनी "झाला का?" विचारणे चाले. वन्सं कधी विचारत नसत. त्या फोनवर म्हणत, "असू दे गं, सवडीनं." मग फाल्गुन आला. घामट हाताला लोकर चिकटते, टाके सुईवर सरकत नाहीत. मी ठरवले, श्रावणात हात गार होतात, तेव्हा वन्संचे जाकीट, दिवाळीला अंगावर.

वैशाखात वन्सं गेल्या. वयाने गेल्या, झोपेत गेल्या, कोणाची सेवा घेतली नाही. सगळे म्हणतात तसे मीही म्हणते, भाग्याचे मरण. पण तेराव्याच्या दिवशी त्यांच्या कपाटातले सामान लावताना सुनेने एक जुना, कोपरावर विरलेला स्वेटर काढला आणि सहज म्हणाली, "यंदा थंडीभर हाच घालत होत्या. रात्री फार कुडकुडायच्या. म्हणायच्या, बल्लारपूरहून नवीन यायचाय."

त्यानंतर मी बरेच दिवस सुयांना हात लावला नाही.

म्हातारपणी थंडी का वाजते, हेही मी आता वाचून घेतले. अंगातले मांस कमी होते, ऊब कमी तयार होते, रक्त हातापायांच्या टोकांपर्यंत पूर्वीसारखे पोचत नाही. आपल्याला पंखा लागतो तेव्हा त्यांना शाल लागते. आपण थट्टा करतो. म्हणजे माणसाच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना थंडी अधिक आहे. मधल्या वयाच्या माणसाने स्वेटर नसेल तर दुकानातून आणावा, हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले गावोगावी बसतात त्यांच्याकडून घ्यावा, धावत बस पकडावी. त्याचे रक्त गरम आहे. आणि मी पन्नास-पन्नास हजार टाके घातले ते सगळे मधल्यांसाठी.

आईची हिरवी लोकर

मला माझ्या आईची आठवण झाली. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा मी पाच वर्षांची होते. हिमालयात आपल्या जवानांना पुरेसे गरम कपडे नाहीत, ही बातमी घरोघर पोचली आणि देशभर बायका विणायला बसल्या. आमच्या घरात एकदम हिरवट रंगाची लोकर आली. आई माझा लाल फ्रॉक-स्वेटर विणत होती. तो अर्धा सुईवरून काढून तिने बाजूला ठेवला आणि हातमोजे, मफलर विणू लागली. मी रडले. आई म्हणाली, "तुला थंडी वाजली तर मी जवळ घेईन. त्याला तिथं कोण आहे?"

ज्याच्यासाठी ती विणत होती त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते, मापही ठाऊक नव्हते. त्याने मागितले नव्हते. तरी यादीत तो पहिला. तिने वही कधी ठेवली नाही; पण क्रम तिला कळत होता. मी तीस वर्षे वही ठेवली आणि क्रम चुकवला.

येत्या वर्षाची यादी

म्हणून यंदा मी यादी दोन्ही टोकांकडून सुरू केली आहे. ज्यांचा वेळ थोडा, ते आधी. मान, मागणी त्यानंतर. माझ्यासारख्या विणणाऱ्या ज्या भगिनी असतील त्यांच्यासाठी ती थोडक्यात मांडते.

दिवाळी ते पौष हे आमच्याकडचे खरे लोकरीचे दिवस. ते घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांचे. त्यांच्यासाठी डोक्यातून घालायचा स्वेटर विणू नये. हात वर होत नाहीत. पुढून उघडे जाकीट, मोठी बटणे, खिसा अवश्य, कारण चष्मा आणि विड्याची डबी कोठे ठेवायची? मानेला टोचेल तर आतून सुती पट्टी लावावी. वजन हलके असावे. माप अंगावर घ्यायला संकोच वाटत असेल, तर त्यांचा जुना सैल कपडा मागून घ्यावा.

पौष संपेपर्यंत एक डबा लहान टोप्यांचा भरलेला हवा. तीन मापे: अठ्ठावीस, बत्तीस आणि पस्तीस सेंटिमीटर डोक्याच्या घेराची. टोपी घेरापेक्षा थोडी लहानच विणावी, वीण ताणते. धागा मऊ आणि वारंवार धुता येईल असा. केस सुटणारी लोकर नको, बाळाच्या नाकातोंडात जाते. रुग्णालयात द्यायच्या असतील तर आधी तेथील सिस्टरना विचारावे, त्यांना काय चालते, कोणत्या मापाचे हवे. आपली हौस त्यांच्यावर लादू नये. आणि उन्हाळ्यात बाळाला लोकरीत गुंडाळू नये. आमच्या गावच्या वैशाखात बाळाला जास्त कपड्यांचाही त्रास होतो. रीतीची अडचण वाटत असेल तर त्यालाही तोड आहे: टोप्या कोण्या एका बाळाच्या नावाने विणायच्याच नाहीत. ज्याला आधी लागेल त्याच्या.

चैत्र ते ज्येष्ठ लोकर बंद. ती नीट धुऊन, वाळवून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवायची. त्या दिवसांत क्रोशाची सुई आणि सुती दोरा: उन्हाळ्यातल्या बाळांची सुती टोपडी, आणि हौसेची तोरणे. आषाढापासून पुन्हा लोकर. आता मधल्यांची पाळी. जावयांना एक स्वेटर देणे आहेच. यंदा यंत्रात धुता येईल अशा धाग्याचा, आणि सोबत चिठ्ठी! सुनेला सुती शाल. मुंबईच्या पुतण्याला काही नाही. त्याला चकल्या आवडतात.

आणखी एक नियम केला आहे. वहीत 'माप' या रकान्यापुढे नवा रकाना आखला आहे: 'वय'. हे म्हणाले, "हिशेबाच्या भाषेत याला मुदत म्हणतात. ज्या हुंडीची मुदत आधी भरते ती आधी चुकती करायची. हे तर तुला मी पहिल्या वर्षीच सांगितलं असतं." तीस वर्षांत विचारले नाही, ही माझीच चूक.

राहिली डाळिंबी लोकर. ती मी कितीतरी दिवस कपाटातून काढली नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. नवऱ्याने खाणीत जन्म काढला, मुलगा परगावी. वय विचारले तर म्हणतात, "तेवढं कोण मोजून राहिलं बाई?" परवा वसुबारसेला त्या ओसरीवर उन्हात बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. मी शेजारी बसले, बोलता बोलता पाठीवर हात ठेवला आणि वितीने माप घेतले. अंगाने त्या वन्संपेक्षा थोड्या बारीक आहेत.

लोकर पुरेल. पाठीचे टाके काल रात्री घातले. बटणे तीच, मोठी.